सौरवाऱ्याची रुजुवात

पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लक्ष किलोमीटरांवर, जेथे दोन्ही गोलांचे आकर्षण आणि परिभ्रमणाची गती यांचा मेळ बसून एखादे यान अल्प इंधनात वर्षानुवर्षे टिकून राहू शकते, त्या पहिल्या लाग्रांज बिंदूच्या परिसरात गेल्या तीन दशकांत सौरवारा मोजणारी याने एकामागून एक येऊन राहिली: १९९४ साली सोडलेले अमेरिकेचे ‘विंड’, १९९७ सालचे ‘एस’, २०१५ सालचे ‘डिस्कव्हर’, आणि ६ जानेवारी २०२४ रोजी तेथील कक्षेत स्थिर झालेले आपले ‘आदित्य-एल१’. एकाच प्रवाहात, परस्परांपासून काही लक्ष किलोमीटरांच्या अंतराने राहणाऱ्या या यानांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, तर त्या सारख्या असाव्यात अशी अपेक्षा कोणीही करील. आणि बऱ्याच अंशी त्या सारख्या असतातही. परंतु ज्याला या नोंदींच्या आधारे काही निश्चित विधान करावयाचे आहे त्याची नजर सारखेपणापेक्षा तफावतीकडेच वळते. कारण एका यानाने कणांची घनता दुसऱ्यापेक्षा एक षष्ठांशाने अधिक सांगितली, तर तो यंत्राचा दोष समजावा, की वाऱ्याचा तेवढा भाग खरोखरच अधिक दाट होता असे मानावे, याचा उलगडा त्या दोन आकड्यांपुरते पाहिले तर कधीच होत नाही. यंत्रांमधील भेद आणि निसर्गातील भेद यांची फारकत कशी करावी, हा या आढाव्याचा विषय आहे. आणि माझे मत असे, की गेल्या साठ वर्षांत सौरवाऱ्याविषयी जे ज्ञान टिकाऊ ठरले ते प्रायः या रुजुवातीतून, एका नोंदीचा दुसऱ्या नोंदीशी मुकाबला करण्याच्या चिकाटीच्या कामातून, आलेले आहे.

या वाऱ्याची कल्पनाच मुळी परोक्ष पुराव्यावर उभी राहिली. धूमकेतूंच्या शेपट्या सूर्याच्या विरुद्ध दिशेस ज्या जोराने ढकलल्या जातात तो जोर केवळ प्रकाशाच्या दाबाने येऊ शकत नाही, सबब सूर्यापासून कणांचा प्रवाह अखंड निघत असला पाहिजे, असे १९५१ साली लुडविग बियरमान यांनी मांडले; आणि सूर्याचे दहा लक्ष अंशांहून अधिक तापलेले किरीट जागच्या जागी स्थिर राहू शकत नाही, ते सतत पसरत जाऊन अखेर ध्वनीच्या वेगाला मागे टाकते, हे यूजीन पार्कर यांनी १९५८ साली गणिताने दाखविले. दोन परीक्षकांनी पार्कर यांचा निबंध नापसंत केला असताही, त्याच्या गणितात चूक सापडत नाही एवढ्या एकाच आधारावर संपादक सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी तो छापला, ही हकीकत सुप्रसिद्ध आहे. पुढील वर्षी सोव्हिएत ‘लूना’ यानांवरील ग्रिंगाउझ यांच्या आयन-सापळ्यांना कणांचा ओघ आढळला; परंतु तो कोठून येतो आणि अखंड असतो काय, हे त्या सापळ्यांना सांगता येण्याजोगे नव्हते. १९६१ साली ‘एक्स्प्लोरर १०’ ला प्रवाहाची दिशा कळली, पण पृथ्वीच्या चुंबकीय प्रभावक्षेत्राच्या सीमेबाहेर निर्वेध असे ते पुरते गेलेच नाही. शेवटी २७ ऑगस्ट १९६२ रोजी शुक्राकडे निघालेल्या ‘मरिनर २’ ने वाटेत तीन महिन्यांहून अधिक काळ नोंदी घेतल्या, आणि मार्सिया नॉयगेबाउअर व कॉनवे स्नायडर यांनी दाखवून दिले, की हा वारा कधीच थांबत नाही, त्याचा वेग सेकंदास साधारण ३०० ते ८०० किलोमीटर असतो, आणि सूर्याच्या २७ दिवसांच्या फेऱ्याबरोबर त्याच त्या वेगवान धारा परत येतात. या पुराव्यांपैकी एकेकटा घेतला तर त्यावर आक्षेप घेता आला असता. निरनिराळ्या देशांच्या, निरनिराळ्या घडणीच्या यंत्रांनी निरनिराळ्या जागी तेच सांगितल्यावर आक्षेपाला जागा उरली नाही.

आता यंत्रांकडे वळू, कारण तफावतीचा निम्मा हिशेब तेथेच आहे. सौरवाऱ्यातील धनभारित कण मोजण्याची साधने मुख्यतः दोन जातींची. पहिली जात फॅरडे कपाची: धातूचे एक उथळ पात्र, त्याच्या तोंडाशी एकापाठोपाठ बसविलेल्या बारीक जाळ्या, त्यांतील एकीवर पायरीपायरीने बदलणारा विद्युद्दाब, आणि तळाशी धातूची चकती. तो दाब ओलांडण्याइतकी ऊर्जा ज्या कणांत असेल तेच चकतीपर्यंत पोचतात, आणि त्यांनी आणलेला अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह सरळ मोजला जातो. ‘विंड’ वरील असे कप मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेने घडविले. त्यांची भूमिती साधी असल्यामुळे आणि कालांतराने क्षीण होईल असा भाग त्यांत फारसा नसल्यामुळे तीस वर्षांनंतरही त्यांच्या जबानीवर भरवसा ठेवता येतो. दुसरी जात स्थिरविद्युत विश्लेषकाची: दोन वक्र पत्र्यांमधील अरुंद वाटेतून ठराविक ऊर्जेचेच कण वळवून पुढे नेले जातात, आणि त्यांतील प्रत्येक कण गुणकावर आदळून इलेक्ट्रॉनांचा लोंढा उत्पन्न करतो, म्हणून कण एकेक करून मोजता येतात. संवेदनशीलतेच्या आणि दिशांच्या बारकाव्याच्या दृष्टीने हे साधन श्रेष्ठ. परंतु गुणक वापराने थकतो, आणि त्याची कार्यक्षमता आज किती उरली आहे हे वेळोवेळी नव्याने ठरवावे लागते. ‘एस’ वरील विश्लेषक तर ‘युलिसिस’ यानाकरिता केलेल्या यंत्राच्या राखीव प्रतीला नवे रूप देऊन बसविलेला होता, आणि पुढे किरणोत्साराच्या माऱ्याने व वयाने तो इतका अशक्त झाला, की २०१२ साली त्याची काम करण्याची पद्धतच बदलावी लागली.

यंत्रांच्या या स्वभावातूनच एक गोष्ट निघते, जी वापरणारांनी नित्य ध्यानात ठेवावयास हवी: सौरवाऱ्याच्या सर्वच राशी सारख्याच भरवशाच्या नसतात. वेग ठरतो तो ऊर्जेच्या पट्टीवर कणांचे शिखर कोठे उभे आहे यावरून. गुणक निम्मा थकला तरी शिखराची उंची घटते, जागा हलत नाही, आणि म्हणून दोन यानांचे वेग प्रायः एक-दोन टक्क्यांच्या आत जुळतात. घनता मात्र शिखराच्या उंचीवर अवलंबून, म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ, जाळ्यांची पारगम्यता, गुणकाची क्षमता, या सर्वांच्या चुका तिच्यात एकत्र साचतात; तेथे दहा-वीस टक्क्यांचा फरक पडला तर नवल मानू नये. तपमान शिखराच्या रुंदीवरून काढावयाचे, आणि मंद, थंड वाऱ्यात ती रुंदी कधी कधी यंत्राच्या एका पायरीहूनही कमी असते. उलट उष्ण वाऱ्यात प्रोटॉनांचे शिखर पसरत जाऊन, त्याच वेगाने चालणाऱ्या पण प्रतिभार दुप्पट ऊर्जेवर दिसणाऱ्या हेलियम केंद्रकांच्या शिखरात मिसळून जाते. ज्याने दोन यानांच्या तपमानांची तुलना करून किरीटाच्या तापण्याविषयी सिद्धांत बांधला आणि हा तपशील पाहिला नाही, त्याने पाया न तपासता मजला चढविला, असेच म्हणावे लागेल.

दोन यंत्रे परस्परविरुद्ध बोलू लागली तर तिसरा साक्षीदार हवा, आणि तो तितकाच स्वतंत्र असावा. सुदैवाने निसर्गाने घनतेपुरता असा साक्षीदार दिला आहे. वाऱ्यातील इलेक्ट्रॉन एका ठराविक कंप्रतेने थरथरतात, आणि ती कंप्रता केवळ त्यांच्या घनतेवरच अवलंबून असते: घन सेंटिमीटरात पाच इलेक्ट्रॉन असतील तर ती सुमारे २० किलोहर्ट्झ येते, आणि घनता चौपट झाली की कंप्रता दुप्पट होते. ‘विंड’ वरील लांब अँटेनांना जोडलेल्या रेडिओ-ग्राहकात ही रेषा स्पष्ट उमटते. तिला ना छिद्राचे क्षेत्रफळ ठाऊक, ना गुणकाचे वय. यानाचे अंग सूर्यप्रकाशात काही व्होल्टांनी धनभारित होते. त्या दाबाने सुमारे दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या इलेक्ट्रॉनांची प्रत्यक्ष मोजणी बिघडते, परंतु सेकंदास ४०० किलोमीटर धावणाऱ्या, आठशेहून अधिक इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या प्रोटॉनांना त्याची फिकीर नसते, आणि कंप्रतेच्या रेषेलाही नसते. वायू समग्रतः विद्युद्दृष्ट्या उदासीन असल्यामुळे प्रोटॉन अधिक हेलियम केंद्रकांची दुप्पट संख्या ही इलेक्ट्रॉनांइतकी भरली पाहिजे. हा ताळा जेथे जमतो तेथे कपाची घनता ग्राह्य, जेथे जमत नाही तेथे दुरुस्ती. साऱ्या सौरवारा-मापनात मला ही पद्धत सर्वांत समाधान देणारी वाटते, कारण तिच्यात एका यंत्राने दुसऱ्यावर हुकमत गाजविण्याचा प्रश्न येत नाही. दोघांनाही भौतिक नियमापुढे हजेरी द्यावी लागते.

चुंबकमापकांचा मामला निराळा. त्यांत मुख्य शत्रू म्हणजे शून्याची सरक: क्षेत्र नसतानाही यंत्राने दाखविलेले थोडेसे क्षेत्र. पृथ्वीजवळ वाऱ्यातील चुंबकीय क्षेत्र सामान्यतः पाच नॅनोटेस्लांच्या आसपास असते, म्हणून अर्ध्या नॅनोटेस्लाची सरकही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. ‘विंड’ आणि ‘एस’ ही दोन्ही याने स्वतःभोवती फिरती. अशा यानावर फिरण्याच्या पातळीतील दोन घटकांची सरक आपोआप उघडी पडते, कारण खरे क्षेत्र फेऱ्यागणिक उलटसुलट होते आणि यंत्राची चूक जशीच्या तशी राहते. तिसऱ्या घटकाकरिता वाऱ्यातील आल्फ्वेन तरंगांचा आश्रय घ्यावा लागतो: त्यांत क्षेत्राची दिशा बदलते, मान बदलत नाही, तेव्हा जी सरक धरली असता मान स्थिर राहते तीच खरी. ‘आदित्य’ हे फिरते यान नाही. म्हणून त्याच्या सहा मीटर लांबीच्या दांड्यावर दोन मापक निरनिराळ्या अंतरांवर बसविले आहेत, आणि त्यांच्या वाचनांतील फरकावरून यानाच्या स्वतःच्या चुंबकत्वाची वजाबाट करता येते. भूचुंबकीय वादळ उठणार की नाही हे क्षेत्राच्या दक्षिणोत्तर घटकाच्या चिन्हावर ठरत असल्यामुळे, शून्याजवळच्या या बारीक हिशेबाला पुढे मोठे परिणाम जोडलेले असतात.

यंत्रे निर्दोष मानली तरी प्रश्न संपत नाही. लाग्रांज बिंदूपासून पृथ्वीपर्यंत यावयास सेकंदास ४०० किलोमीटरांच्या वाऱ्याला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो, ८०० च्या वाऱ्याला अर्धा तास. हे अंतर वेगाने भागून काढलेले काळाचे सरकविणे सोपे खरे, परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे: वाऱ्यातील प्रत्येक बदल सूर्य-पृथ्वी रेषेस काटकोनात उभ्या असलेल्या सपाट भिंतीसारखा पुढे येतो, असे ते गृहीत. प्रत्यक्षात सूर्याच्या भ्रमणामुळे क्षेत्ररेषा सर्पिल होतात आणि पृथ्वीच्या कक्षेशी साधारण ४५ अंशांनी तिरप्या असतात, आणि बदलांच्या सीमाही नाना कोनांनी कललेल्या येतात. समजा, यान सूर्य-पृथ्वी रेषेपासून ५० पृथ्वी-त्रिज्या, म्हणजे तीन लक्ष किलोमीटरांहून अधिक, बाजूला आहे आणि सीमा ४५ अंशांनी तिरपी आहे. तर साध्या भागाकाराने काढलेली वेळ ४०० किलोमीटरांच्या वाऱ्यात सुमारे १३ मिनिटांनी चुकेल. डॅनियल वाइमर यांनी या शतकाच्या आरंभी दाखविले, की सीमांचा हा कल मिनिटामिनिटांनी बदलत असतो, आणि क्षेत्राच्या चढउतारात सर्वांत कमी बदल कोणत्या दिशेने होतो हे पाहून एकाच यानाच्या नोंदीवरून तो बऱ्यापैकी अजमावता येतो. परंतु ही रीत बरोबर आहे असा निर्वाळा मिळाला तो, पुढच्या यानाला तीच सीमा खरोखर केव्हा दिसली हे पाहिल्यावरच.

शिवाय वाऱ्याचा पसारा एकजिनसी नाही. ‘विंड’ हे २००४ पर्यंत एका जागी राहिले नाही. चंद्राच्या आकर्षणाचा उपयोग करून ते शेकडो पृथ्वी-त्रिज्या बाजूला भटकून आले, आणि त्या भटकंतीमुळे ‘एस’ शी त्याची तुलना कमी-अधिक सर्व अंतरांवर करता आली. तत्पूर्वी ‘आयसी’ मालिकेतील यानांच्या तुलनेवरून क्रूकर आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली असे अनुमान काढले होते, की प्रवाहाला आडव्या दिशेने प्रायः ५० पृथ्वी-त्रिज्यांपर्यंत क्षेत्राच्या नोंदी चांगल्या जुळतात आणि त्यापलीकडे मेळ ढिला पडू लागतो. वेग आणि घनता क्षेत्राच्या दिशेपेक्षा अधिक अंतरापर्यंत जुळतात, हेही नंतरच्या कामातून पुढे आले. लाग्रांज बिंदूभोवतालच्या कक्षाच मुळी याच मोजमापाच्या पल्ल्याच्या आहेत. म्हणजे तेथील यानाने नोंदविलेला वारा तोच पृथ्वीवर येतो, हे विधान अनेकदा खरे, पण नेहमीच खरे नाही, आणि ते केव्हा खरे नाही हे एकट्या यानाला कधीच कळत नाही.

या सर्व अडचणींवर मात करून एक सलग दप्तर उभे करण्याचे श्रेय गोडार्ड अवकाश उड्डाण केंद्रातील जे. एच. किंग आणि नतालिया पापिताश्विली यांचे. ‘ओम्नी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या संग्रहात १९६३ पासूनच्या तासातासाच्या सरासऱ्या आहेत; ‘इम्प’ मालिका, ‘आयसी ३’, ‘विंड’, ‘एस’ अशा अनेक यानांच्या नोंदी त्यात एका मापावर आणल्या आहेत, आणि अलीकडच्या काळाकरिता एका मिनिटाच्या नोंदी पृथ्वीच्या चुंबकावरणापुढील आघातसीमेपर्यंत सरकवून ठेवल्या आहेत. २००५ साली त्यांनी ‘विंड’ व ‘एस’ यांच्या तुलनेचा जो निबंध लिहिला तो या विषयातील वस्तुपाठ होय. एका यानाची घनता दुसऱ्यावर आणताना सरसकट एकच गुणक न लावता वेगाच्या निरनिराळ्या टप्प्यांना निरनिराळे गुणक लावले गेले, कारण वेगवान वाऱ्यात आणि मंद वाऱ्यात यंत्र सारखे चुकत नाही. घनता आणि तपमान यांचे वाटप विषम असल्यामुळे त्यांची तुलना लघुगणकांत केली गेली. आणि नेहमीची सरळ रेषा जुळविण्याची पद्धत, जी आडव्या अक्षावरील राशी अचूक आहे असे मानून चालते, ती येथे गैरलागू. दोन्ही यंत्रे चुकू शकतात, म्हणून रेषा दोन्ही बाजूंच्या चुकांचा समान विचार करून काढावी लागते. हे बारकावे कोरडे वाटतील, परंतु त्यांकडे डोळेझाक केल्याने एका यानाकडून दुसऱ्याकडे नोंद गेली त्या दिवशी सूर्यच बदलला, असा भास उत्पन्न होतो. ‘ओम्नी’ च्या तक्त्यात प्रत्येक ओळीस कोणत्या यानाची नोंद घेतली याचा स्तंभ आहे. तो न पाहता साठ वर्षांचा आलेख एकाच यंत्राने काढल्याप्रमाणे वाचण्याची जी सवय पसरली आहे, ती मला घातक वाटते.

रुजुवातीचे महत्त्व सर्वांत ठळकपणे दिसते ते असाधारण प्रसंगी. ११ मे १९९९ रोजी वाऱ्याची घनता नेहमीच्या सुमारे दोन टक्क्यांवर आली आणि वेग निम्म्यावर. एकाच यानाने हे सांगितले असते तर कोणीही यंत्र बंद पडले असेच समजले असते. ‘विंड’ व ‘एस’ या दोहोंनी, दोन निराळ्या जातींच्या यंत्रांनी, एकच हकीकत दिली, म्हणून सौरवारा जवळजवळ नाहीसा होऊ शकतो हे मान्य झाले. याच्या अगदी उलट ऑक्टोबर २००३ च्या अखेरीस झाले. प्रचंड उद्रेकांतून आलेल्या अतिऊर्जावान कणांनी ‘एस’ च्या विश्लेषकाला इतके दिपवून टाकले, की त्याची नेहमीची गणना निरुपयोगी झाली. मागाहून कच्च्या नोंदी हाताने तपासून रूथ स्कूग आणि सहकाऱ्यांनी वाऱ्याचा वेग सेकंदास १,८५० किलोमीटरांच्याही वर गेल्याचे दाखविले. सर्वाधिक गरजेच्या क्षणी यंत्र आंधळे होते, ही अडचण आजही पूर्णतः दूर झालेली नाही, आणि भिन्न जातींची यंत्रे एकाच वेळी तेथे असावीत या मागणीला याहून सबळ आधार नको.

या संदर्भात कुलाब्याच्या वेधशाळेचा दाखला देणे क्रमप्राप्त आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये कॅरिंग्टन यांनी सूर्यावर पाहिलेल्या उद्रेकानंतर साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर जे वादळ आले, त्यात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी उतरले. कमी अक्षांशावरील इतकी पूर्ण नोंद दुसरीकडे जवळजवळ नाहीच. आणि म्हणूनच ती उतरण पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाची, की वरच्या वातावरणातील तात्कालिक प्रवाहांची, हा वाद दीडशे वर्षांनंतरही मिटलेला नाही. ज्या निष्ठेने ती नोंद घेतली गेली तिच्याविषयी आदर वाटतो. पण साक्षीदार एकटाच असल्यामुळे निकाल लागत नाही. ट्रामच्या विजेचा उपद्रव टाळण्यासाठी हे काम पुढे अलिबागला नेण्यात आले, आणि तेथील नोंदी आजही चालू आहेत. सौरवाऱ्याची अशीच पृथ्वीवरून घेतलेली पण निराळ्या प्रकारची एक नोंद उटीच्या रेडिओ-दुर्बिणीची: दूरच्या रेडिओ-स्रोतांचे लुकलुकणे मोजून, जेथे यान नाही तेथील वाऱ्याचाही वेग तिच्यावरून काढता येतो. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही ५३० मीटर लांबीची दुर्बीण पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आहे. लुकलुकण्यावरून येणारा वेग हा दृष्टिरेषेवरील साऱ्या वाऱ्याची सरमिसळ असतो, म्हणून त्याचीही खातरजमा यानांच्या प्रत्यक्ष मोजमापाशी ताडूनच करावी लागते.

आतापर्यंत पृथ्वीच्या परिसरातील तुलनेचा विचार केला. सूर्यापासून दूर जाताना वारा कसा बदलतो, या प्रश्नाला तुलनेवाचून उत्तरच नाही. ‘हेलिओस’ ची दोन याने, १९७४ आणि १९७६ साली सोडलेली, सूर्य-पृथ्वी अंतराच्या तीन दशांशांपर्यंत आत गेली, आणि त्यांच्या नोंदींवरून असे दिसले, की वायू केवळ पसरल्याने जितका निवला पाहिजे तितका तो निवत नाही. वाटेत त्याला कोठून तरी उष्णता मिळत असते. परंतु आतील यानाने आज मोजलेला वायू आणि बाहेरील यानाने दोन दिवसांनी मोजलेला वायू हा एकच आहे याची शाश्वती काय? १९८३ साली स्टीव्हन श्वार्ट्झ आणि एकार्ट मार्श यांनी दोन्ही ‘हेलिओस’ एका रेषेत आल्याचा प्रसंग निवडून वायूच्या एकाच पुंजक्याचा माग काढला, आणि हीच रीत आज ‘पार्कर’ यान व युरोपचे ‘सोलर ऑर्बिटर’ यांच्या संयोगांच्या वेळी वापरली जाते. २८ एप्रिल २०२१ रोजी ‘पार्कर’ ने किरीटाच्या त्या सीमेच्या आत प्रवेश केला जेथे वाऱ्यावर अजून चुंबकीय क्षेत्राचाच अंमल असतो. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते सूर्यपृष्ठापासून ६१ लक्ष किलोमीटरांवरून गेले. त्याने पाहिलेली क्षेत्राची अचानक उलटणारी वळणे पृथ्वीपर्यंत येता येता कितपत शिल्लक राहतात, हे दुसऱ्या यानाच्या साक्षीवाचून ठरणार नाही. ‘व्हॉयेजर’ चे उदाहरण येथे हळहळ वाटावी असे आहे: ‘व्हॉयेजर १’ वरील वायुमापक १९८० सालीच निकामी झाला, आणि २००४ साली सौरवाऱ्याच्या अंतिम आघातसीमेतून ते गेले तेव्हा वाऱ्याचा वेग सरळ मोजणारे कोणी नव्हते, २००७ साली ‘व्हॉयेजर २’ तेथे पोचले आणि त्याचा फॅरडे कप चालू होता, म्हणून त्या सीमेविषयी काही नक्की बोलता आले, पण तुलनेची संधी हातची गेली ती गेलीच.

ध्रुवांवरून जाणाऱ्या ‘युलिसिस’ ने १९९४-९५ साली दाखविले, की उच्च अक्षांशांवर वारा एकसारखा, सेकंदास सुमारे ७५० किलोमीटर, वाहतो. आणि तिसऱ्या फेरीत, सौरचक्राच्या पुढील शांत काळी, डेव्हिड मॅककोमस यांना त्याच यंत्राने त्याचा दाब सुमारे एक पंचमांशाने घटलेला आढळला. यंत्र थकले, की सूर्यच मंदावला? पृथ्वीजवळच्या यानांनाही तोच उतार दिसला, म्हणून उत्तर दुसऱ्या बाजूने पडले. याउलट लहान मापाच्या रचनांकरिता याने एकमेकांच्या जवळ असावी लागतात: २००० सालापासून युरोपच्या ‘क्लस्टर’ ची चार याने चौफलकाच्या कोपऱ्यांवर उडत होती, आणि चार बिंदूंवरील वेळांच्या फरकावरून एखाद्या सीमेची दिशा व गती, ती तेवढ्यापुरती सपाट आणि एकसारख्या गतीची आहे एवढेच गृहीत धरून, काढता येत होती, जे तीन यानांनीही साधत नाही.

मे २०२४ मधील महावादळाने या शास्त्राची आजची मजल दाखविली. तेव्हा ‘स्टिरिओ-ए’ यान पृथ्वीपेक्षा सूर्याच्या थोडे जवळ आणि कक्षेत सुमारे साडेबारा अंश पुढे होते. वादळाचा आरंभ त्याने लाग्रांज बिंदूवरील यानांच्या सुमारे अडीच तास आधी पाहिला. इतकी आगाऊ सूचना मोलाची. परंतु त्याला दिसलेले क्षेत्र आणि पृथ्वीवर आलेले क्षेत्र तपशिलात एक नव्हते, आणि साडेबारा अंशांत वादळाची अंतर्रचना किती बदलते याचा तो एक उत्तम नमुना ठरला.

‘विंड’ आता तिशी ओलांडून गेले आहे, ‘एस’ चा विश्लेषक जर्जर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आयमॅप’ आणि ‘एसडब्ल्यूएफओ-एल१’ ही नवी याने एकाच अग्निबाणाने निघाली. नवे यान आले म्हणून जुने बंद करण्याची घाई होऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. दोघांनी एकाच वाऱ्यात काही वर्षे एकत्र काढल्याशिवाय १९६३ पासूनच्या दप्तराची पुढली पाने मागल्या पानांशी जुळणार नाहीत. आपल्या ‘आदित्य’ कडून या कामात एक विशेष अपेक्षा आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने घडविलेल्या त्याच्या ‘स्विस’ या साधनात दोन विश्लेषक परस्परांना काटकोनातील पातळ्यांत पाहतात, आणि त्यांतील एक विश्लेषक चुंबकाच्या साहाय्याने प्रोटॉन आणि हेलियम केंद्रके वस्तुमानानुसार निराळी करतो. ‘विंड’ चा कप ही दोन शिखरे ऊर्जेच्या पट्टीवरच ओळखतो, आणि उष्ण वाऱ्यात ती एकमेकांत मिसळली की त्याला गृहीतांचा आधार घ्यावा लागतो. म्हणून हेलियमच्या प्रमाणाबाबत या दोन यानांत जी तफावत आढळेल ती मंद, थंड वाऱ्यात किती आणि वेगवान, उष्ण वाऱ्यात किती, हे सर्वप्रथम पाहावे: थंड वाऱ्यात मेळ बसून उष्ण वाऱ्यात तो तुटला, तर दुरुस्ती ‘विंड’ च्या जुन्या हेलियम-नोंदींत करावी लागेल, आणि दोन्हीकडे सारखीच तफावत राहिली, तर ‘स्विस’ चे क्षमता-गुणक फेरतपासणीला घ्यावे लागतील.